खळ्यावरचं पाणी

रविवार, ४ ऑक्टोबर १९९८. सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी लखन नावाचा चोवीस वर्षांचा तरुण करंजपाड्याच्या धरणात उतरला. चार पावलं चालला. पाचव्या पावलाला दिसेनासा झाला.

वेळ नक्की सांगता येते, कारण उतरण्याआधी लखनने मनगटावरचं घड्याळ काढून मित्राला, दिनेशला, दिलं होतं आणि अकरा वीस झालेत, बाराला जेवायला बसू, असं म्हणाला होता. दोघंही सातपूरच्या एका कारखान्यात लेथवर होते. रविवारची सुटी म्हणून मोटारसायकलवर आले होते. आठवडाभर मशीनच्या आवाजात काढलेली अशी पोरं दर रविवारी धरणावर येत. वडाखाली चूल मांडत, कोंबडी शिजवत, दिवेलागणीला परत जात.

बहिरू तेव्हा भरावावर होता. धरण मातीचं; दगडी अस्तराच्या फटीत उगवलेली झुडपं वेळीच उपटावी लागतात, नाहीतर मुळ्या आत शिरतात आणि मागून पाणी वाट काढतं. चौकीदार म्हणून ते काम त्याचं. दिनेशची हाक ऐकून त्याने विळा टाकला आणि धावत जाऊन अंगातल्या सदऱ्यासकट उडी घेतली. दोनदा बुडी मारली, हाताला काही लागलं नाही. तिसऱ्यांदा तो उभा राहायला गेला. तिथे उभं राहता यायला हवं होतं. पायाला तळ लागला नाही.

तेव्हा त्याला आठवलं.

अर्ध्या तासापूर्वी लखन एकटाच भरावावर आला होता. चपला हातात धरून. मामा, म्हणाला होता, मला पोहता येत नाही, नुसतं पाण्यात उभं राहायचंय, उथळ कुठं आहे? बहिरूने झुडूप उपटता उपटता काठावरच्या उंबराकडे बोट केलं होतं.

"त्या उंबरासमोर जा. तिथं आमचं खळं हाय. धरण भरलं तरी गुडघ्याच्या वर पाणी नाय."

बहिरूचं गाव या पाण्याखाली गेलं त्याला सव्वीस वर्षं झाली. पण पाणी त्याला कधी नुसतं पाणी दिसलं नाही. इथे कुसाबाईचं घर, इथे चिंच, इथे नागलीचं शेत, असंच तो पाहत आला. उंचवट्यावरचं खळं त्याच्या आजाने चोपलेलं. पिढ्यान्‌पिढ्या शेणाने सारवून, बैल फिरवून ती जमीन अशी घट्ट झाली होती की पाण्याखालीही चिखल झाली नाही. पाड्यावरची पोरं तिथेच डुंबायला शिकली.

आदल्या पावसाळ्यात भरावाच्या पायथ्याशी पाझर वाढला. रोज सकाळी आठला बहिरू काचेच्या बाटलीत पाझराचं पाणी धरून उन्हात बघायचा आणि वहीत टिपायचा. नितळ असलं तर धरणाची चिंता नाही. गढूळ आलं तर आतली माती सुटते आहे. त्या वर्षी गढूळ आलं. ते पहिल्यांदा त्यानेच पाटबंधाऱ्याच्या साहेबांना दाखवलं. पुढच्या मे महिन्यात दुरुस्ती निघाली. चिकण माती हवी होती. साहेबांनी चार ठिकाणी खणून पाहिलं, खळ्याची माती मुठीत दाबली आणि हीच पाहिजे म्हणाले. सोळा दिवस ट्रॅक्टर चालले. ट्रॉलीतून आलेली माती भरावावर पसरायला बहिरू स्वतः होता. खळ्याच्या जागी दोन पुरुष खोल खड्डा राहिला. जुलैत तो भरला. पाझर पुन्हा नितळ झाला. खालच्या अकरा गावांच्या नळांना पाणी जात राहिलं.

हे सगळं त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी कुणी उथळ कुठे म्हणून विचारलं, की तोंडातून खळंच निघायचं.

दुपारी हवालदार आले. वडाखाली बिअरच्या दोन रिकाम्या बाटल्या सापडल्या, त्या कागदावर गेल्या. त्या मी प्यायलो, लखन शिवतसुद्धा नव्हता, असं दिनेश रडत सांगत राहिला. पोहण्यास सक्त मनाई असा फलक सहा पावलांवर होता, तोही कागदावर गेला. मग बहिरूचा जबाब झाला. मी झुडपं काढत होतो, ओरडणं ऐकून धावलो. एवढंच त्याने सांगितलं, आणि तेवढं खरंच होतं.

लखनचे वडील, यादवराव, संध्याकाळी पोहोचले. नांदगावहून आले होते. धोतर, डोक्याला टोपी, बरोबर एक पुतण्या. एवढं पाणी त्यांनी एका जागी कधी पाहिलं नव्हतं. सोमवारी दिवसभर मासेमारांनी गळ टाकले, काही लागलं नाही. पाणी सोडून धरण खाली करता येईल का, असं पुतण्याने साहेबांना विचारलं. साहेबांनी समजावलं, की विमोचक, म्हणजे पाणी सोडायचं दार, पूर्ण उघडला तरी दिवसाला चार बोटं उतरेल, आणि ते पाणी अकरा गावांचं उन्हाळ्याचं पिणं आहे.

"नका सोडू," यादवराव म्हणाले. "आमच्याकडं आठ दिवसांनी टँकर येतो. पाणी वाया घालवून पोरगं नको मला."

बहिरू तिथून उठून गेला.

मंगळवारी सकाळी साडेसहाला लखन खड्ड्याच्या कडेला वर आला. पंचनामा झाला. त्याच दिवशीच्या पेपरात आतल्या पानावर चार ओळी होत्या: पार्टीसाठी गेलेला तरुण धरणात बुडाला, इशारा फलकाकडे दुर्लक्ष. पुतण्याने त्या वाचल्या आणि पेपर घडी करून खिशात घातला, पण यादवरावांनी तो मागून घेतला.

मृतदेह नेणारी जीप सुरू झाली तरी यादवराव चढले नाहीत. ते बहिरूच्या झोपडीपाशी आले. अंगणात बहिरूची बायको धोंडाबाई सुपात तांदूळ निवडत होती.

"भाऊ, तुम्ही पाण्यात उड्या घेतल्या म्हणे. उपकार झाले. एक विचारायचं होतं. पोरगा आमचा भित्रा. विहिरीच्या काठावरसुद्धा कधी वाकला नाही. हे लिहितात, दारू प्यायला, फलक बघितला नाही. त्याची आई म्हणते, न विचारता तो पाऊल टाकणारच नाही, कुणाला तरी विचारलं असंल. तेवढं कळलं तर तिच्या घशाखाली घास उतरंल. तुम्ही इथंच होता. त्यानं विचारलं होतं का कुणाला?"

सुपातला धोंडाबाईचा हात थांबला.

"नाय," बहिरू म्हणाला. "माझ्या नजरंत नाय आलं."

यादवरावांनी मान हलवली, पुन्हा एकदा उपकार झाले म्हणाले आणि जीपमध्ये जाऊन बसले.

रविवारी धोंडाबाई मागच्या झऱ्यावर भांडी घासत होती. भरावावरचं बोलणं तिथे स्वच्छ ऐकू येतं. ती ताट वाढायची आणि उठून बाहेर जायची. चौथ्या दिवशी बहिरूनेच विषय काढला. नोकरी जाईल, म्हणाला. आत टाकतील. शिवाय जे झालं ते थोडंच फिरणार आहे.

"आपल्या दीपकनं इचारलं आसतं त्या जागी," ती पोराचं नाव घेऊन म्हणाली, "तं तुमी त्यालाबी तितंच धाडलं आसतं. ह्ये मला ठावं हाय. त्या माउलीला ठावं नाय."

पुढचे चार दिवस बहिरू काम करत राहिला. बाटलीत पाणी धरून उन्हात बघत राहिला. पाणी नितळ येत होतं.

बुधवारी, चौदा तारखेला, वहीतला सकाळी आठचा रकाना कोरा राहिला. सहाच्या गाडीने बहिरू नाशिकला गेला, तिथून मनमाड, तिथून नांदगाव. पूर्वेला इतक्या लांब तो कधी गेला नव्हता. खिडकीतून हिरवं कमी कमी होत गेलं. स्टँडवर लखनचं नाव सांगताच रसवंतीवाल्याने गल्ली दाखवली. धरणात गेलेला ना, म्हणाला.

घरात बायका होत्या. यादवराव दहाव्याचं सांगायला न्हाव्याकडे गेले होते, येतीलच. लखनची आई, चिमणाबाई, दारात आली. लहानखुरी बाई, नऊ दिवसांत डोळे आत गेलेले. लांबून आलेलं माणूस म्हणून तिने आधी पाणी आणलं. काठोकाठ तांब्या. दाराशेजारच्या टाकीचा तळ बहिरूला दिसत होता.

त्याने तांब्या धरला, पण तोंडाला लावला नाही.

"बाई, मी करंजपाड्याचा. धरणावर चौकीदार हाय," तो म्हणाला. "सांगायला आलो. तुमच्या पोरानं इचारलं हुतं. न इचारता नाय उतरला त्यो. प्यायलाबी नव्हता."

चिमणाबाई उंबऱ्यावरच बसली. आत वळून तिने जावेला हाक मारली, सुलाबाई, ऐकलं का, विचारलं होतं त्यानं, मी म्हणत होते ना. पदर तोंडाला लावून ती रडली. चूल फुंकत बसलेली सुलाबाईही उठून बाहेर आली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवू लागली. नऊ दिवस ही अशी रडली नव्हती, असं तिने बहिरूला सांगितलं. बरं केलंत दादा, आलात.

थोड्या वेळाने चिमणाबाईने डोळे पुसले. "लय लांबून आलात माझ्यासाठी," ती म्हणाली. मग तिला काहीतरी सुचल्यासारखं तिने वर पाहिलं.

"कुणाला विचारलं होतं त्यानं?"

त्याच वेळी यादवराव गल्लीच्या टोकाला दिसले. बहिरूला त्यांनी लांबूनच ओळखलं, आणि चालता चालता ते थांबले.