मागावरची गाठ

पार्सल निपाणीहून सकाळच्या बसनं आलं होतं. आत जुन्या साडीत गुंडाळलेला एक व्हिडिओ गेम होता, राखाडी रंगाचा, सीडीवर चालणारा. सोबत वहीच्या कागदावर चिठ्ठी होती. ‘सर, हे बंद पडलंय. आमच्या माळ्यावर सापडलं. सीडीऐवजी मेमरी कार्डवर चालेल असं तुम्ही करून देता, म्हणून मोबाईलवर वाचलं. तसं करून द्या. मिस्टरांना न सांगता पाठवलंय. वीस तारखेला त्यांचा वाढदिवस आहे. राजेश्वरी.’ खाली फोन नंबर होता.

असली कामं बसवंतकडे महिन्याला दोन-तीन येत. एरवी तो मच्छेच्या एका कारखान्यात सर्किट बोर्ड जोडायचा. रविवारी वडगावातल्या घरी, आईच्या हातमागाशेजारी टेबल मांडून, लोकांचे जुने गेम उघडून बसायचा. त्या रविवारीही त्याची आई बायाक्का मागावर होती आणि धोट्याचा खटखट आवाज चालू होता.

त्यानं खालचे स्क्रू काढले, झाकण उचललं, ब्रशनं धूळ झाडली. सीडीचा भाग उचलून बाजूला ठेवला. त्याखालचा पत्रा काढला आणि बोर्ड उघडा झाला. एका कोपऱ्यात कुणीतरी मागाहून बसवलेली बारकी चिप होती. त्यात नवल काही नव्हतं. कॉपी केलेल्या सीड्या चालाव्यात म्हणून पूर्वी लोक तशी चिप बसवून घेत. पण त्या चिपच्या पाच तारा एकत्र बांधल्या होत्या, त्या टेपनं नव्हे. जांभळ्या रेशमानं.

बसवंत वाकून बघू लागला. गाठ मागावरची होती. ताण्याचा धागा तुटला की विणकर दोन टोकं जोडून मारतात ती, चपटी, बोटाला न लागणारी. शहापूर-वडगावच्या विणकर वस्तीबाहेरच्या माणसाच्या हातून ती अशी सहज बसत नाही. त्यानं काढून ठेवलेला पत्रा उलटा केला. आतल्या बाजूला खिळ्यानं ओरखडून लिहिलं होतं, ‘ब. सा. २००८.’

अक्षर त्याचं स्वतःचं होतं.

टेबलावर तापत ठेवलेल्या सोल्डर गनचं टोक त्याच्या बोटाला टेकलं. कातडीचा वास आल्यावर त्याला ते कळलं.

“काय जळालं रं?” आईनं मागावरूनच विचारलं.

“काय न्हाय,” तो म्हणाला.

‘ब’ म्हणजे बसवंत. ‘सा’ म्हणजे साईनाथ, त्याचा पाच वर्षांनी धाकटा भाऊ. दोघांनी मिळून ती चिप बसवली होती आणि तारा बांधायला आईच्या मागावरचं रेशीम चोरलं होतं. दोन हजार एकोणीसच्या महापुरात साईनाथ गेला. हा गेम त्या दिवशी त्याच्या पाठीवरच्या सॅकमध्ये होता.

गेमची सीडी वाचणारी लेन्स कमजोर झाली होती. कोल्हापुरात एकाकडं तसली लेन्स मिळते असं कळलं होतं. पाऊस चार दिवस लागून होता, तरी “जा की, दुपारपातूर परत येशील,” असं म्हणून बसवंतनंच त्याला धाडलं. निपाणीच्या पुढं, वेदगंगेच्या पुलाअलीकडं, साईनाथची मोटारसायकल घसरली आणि दूध घालून परत निघालेल्या मष्णू नावाच्या म्हाताऱ्याला धडकली. म्हाताऱ्याचं डोकं फुटलं, पाय मोडला. पुढं दवाखान्यात त्यानं पोलिसांना सांगितलं, की थोडी शुद्ध आली तेव्हा तो पोरगा पाण्याच्या अंगाला पळत जाताना दिसला. त्या अंगाला पाण्याशिवाय काही नव्हतंच.

गाडीच्या नंबरावरून पोलीस वडगावला आले. नऊ दिवस शोध झाला. पाणी ओसरल्यावर बसवंत स्वतः उसाच्या फडांतून चिखल तुडवत फिरला. काही सापडलं नाही. वर्षभरानं बायाक्काच म्हणाली, “आता त्येचं करून टाक बाबा. पोरगं अधांतरी ऱ्हायलंय.” मग पिठाचा पुतळा करून बसवंतनं आपल्या हातानं धाकट्या भावाचं कार्य केलं.

आणि आता तो गेम त्याच्या टेबलावर होता. वाहत गेला असता तर आत चिखल असता, गंज असता. आत नुसती कोरडी धूळ होती.

त्यानं चिठ्ठी पुन्हा वाचली. वीस तारीख. साईनाथचा वाढदिवसही याच महिन्याच्या वीसला असायचा. त्यानं तो नंबर मोबाईलमध्ये घातला आणि राजेश्वरीचा व्हॉट्सॲपवरचा फोटो मोठा केला. जोतिबाच्या डोंगरावर, कपाळाला गुलाल लावून, नवराबायको उभे होते. नवऱ्याला दाढी होती, अंगानं सुटला होता. डाव्या भुवईत मधोमध केस नव्हते. लहानपणी मागाच्या खुंटीवर पडून साईनाथला तिथंच तीन टाके पडले होते.

बसवंत उठून स्वयंपाकघरात गेला आणि मोबाईल बायकोपुढं धरला. पूर्णिमानं बघितलं. तिच्या हातातली परात खाली गेली आणि तीही तिथंच भिंतीला टेकून बसली.

“सासूबाईंना सांगू नका,” ती म्हणाली. “आधी जाऊन बघून या. एकासारखा एक असतो माणूस.”

“गाठ बी असती काय एकासारखी एक?”



त्यानं राजेश्वरीला फोन केला.  काम बघून काही विचारायचं आहे, उद्या निपाणीला येतोय, एवढंच तो म्हणाला. तिनं पत्ता सांगितला. “दुपारी या सर. हे जेवायला घरी असतात, पण त्यांच्यापुढं गेमचं काढू नका हं,” असंही म्हणाली.

सोमवारी कारखान्यात रजा सांगून तो बसमध्ये बसला. संकेश्वर कधी गेलं ते त्याला समजलं नाही. मांडीवरच्या पिशवीत उघडलेला गेम होता.

राजेश्वरीचं घर बाजारपेठेमागच्या गल्लीत होतं. दोन खोल्या, दारात शिलाई मशीन, खुंटीवर गिऱ्हाइकांचे ब्लाउज. ती पंचविशीची, हसऱ्या तोंडाची बाई होती.

“एवढ्यासाठी तुम्ही कशाला आलासा सर? बसा की. पाणी आणते.”

बसवंत खुर्चीच्या कडेवर बसला. “तुमचे मिस्टर काय करतात?”

“तंबाखूच्या वखारीत गाडीवर हाईत. समर्थ त्यांचं नाव.”

“मूळचे कुठले?”

“खानापूरच्या बाजूचे.” तिनं आवाज खाली आणला. “त्यांचं कोणी न्हाय हो. आई, मोठा भाऊ, सगळी पुरात गेली. घर गेलं, कागदपत्रं गेली. आमच्या लग्नात त्यांच्याकडनं वखारीचे मालक उभे ऱ्हायले. घरच्यांचं नाव काढलं की दोन दिवस जेवत न्हाईत, म्हणून मी इचारायचं बी सोडलं.”

 या घरात बसवंत मेलेला होता. त्याची आई मेलेली होती.

बाहेर गाडी थांबली. चपला वाजल्या. दारातून वाकून आत आलेल्या माणसानं डोकं वर केलं आणि त्याचा हात चौकटीवर तसाच राहिला.

“अण्णा,” तो म्हणाला.

 राजेश्वरीनं एकदा नवऱ्याकडं बघितलं, एकदा पाहुण्याकडं. “कोण अण्णा?” तिनं विचारलं.

बसवंतला वाटलं होतं, समोर आला की आपण त्याला मिठी मारू, नाहीतर तोंडात देऊ. त्याच्यानं खुर्चीवरून उठवेना.  “साई, आम्ही तुझं कार्य केलं रं,” एवढंच तोंडातून आलं.

साईनाथ उंबऱ्यावर मटकन बसला. पायात चपला तशाच होत्या. तो बोलायला लागला तेव्हा बसवंतकडं न बघता जमिनीकडं बघून बोलत होता.

“मी माणूस मारला अण्णा. पुलाजवळ. म्हातारा होता, हातात दुधाची किटली होती. लई हाका मारल्या, हलवून बघितलं, उठला न्हाय. रगत पाण्यात मिसळून चाललंतं. लांबनं माणसं येताना दिसली आन् मी पळालो. पाण्याकडनं गेलो, बांधावरनं वळून मागं निपाणीत आलो. मोबाईल टाकून दिला. घरी आलो असतो तर पोलीस दारात आले असते. आईम्होरं मला बेड्या घातल्या असत्या.”

“कुठला म्हातारा?” बसवंतनं विचारलं. विचारतानाच त्याला उत्तर समजलं होतं. “साई, त्यो मष्णूमामा. त्यो जिता हाय.”

“खोटं बोलू नको.”

“त्येचा पाय मोडलता. डोक्याला टाके पडलते. तू पाण्याकडं पळालास म्हणून पोलिसांला सांगितलं कुणी? त्यानंच. त्यो बोलला म्हणून तर तू बुडालास असं समदी म्हणाली. तुझं कार्य केलं त्या दिवशी आमच्यात जेवून गेलाय त्यो. घास गिळवंना त्येला. ‘माझ्यापायी पोरगं गेलं,’ म्हणून रडत होता.”

“न्हाय,” साईनाथ जोरजोरात मान हलवू लागला. “न्हाय, न्हाय. मी बघितलंय. तंबाखू घेऊन कोल्हापूरला जाताना बघतो मी दर साली. त्या वळणावर दगडाला हार असतो. त्या म्हाताऱ्याचा.”

“त्यो हार आई घालती,” बसवंत म्हणाला. “तुझा हाय त्यो.”

साईनाथचं तोंड उघडं राहिलं. श्वास आत गेला तो बाहेर येईना. बसवंत शेवटी खुर्चीवरून उठला आणि दोन्ही हातांनी त्याची पाठ चोळू लागला. मग घशातून एक आवाज आला, रडण्याचा म्हणावा तर तसा नव्हता, आणि तो भावाच्या पायांना धरून वाकला.

राजेश्वरी मशीनला टेकून उभी होती.  “ह्यांचं नाव काय मग?” तिनं बसवंतला विचारलं.

“साईनाथ.”

“आन् ह्यांची आई?”

“हाय. वडगावात. मागावर बसती अजून.”

“तीन वरसं,” ती नवऱ्याला म्हणाली, “तीन वरसं त्या बाईच्या नावानं पितराला पान वाढलं मी. जित्या बाईच्या नावानं. आन् तुम्ही समोर बसून जेवलासा.” ती आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. साईनाथनं किती हाका मारल्या तरी ते उघडलं नाही.

दिवेलागणीला दोघं वडगावला पोचले. पूर्णिमाला बसवंतनं फोन केला होता. तिनं सासूला आडून आडून सांगायचा प्रयत्न केला होता, पण बायाक्काला वाटलं की मृतदेह सापडला. त्यामुळं ती मागावरून उठून, पदर तोंडाशी धरून, दाराकडं तोंड करून बसली होती.

साईनाथ आत आला. समोरच्या भिंतीवर त्याचा स्वतःचा फोटो होता, चंदनाचा हार घातलेला. तो बघून तो दोन पावलं मागं सरला.

बायाक्कानं आधी त्याच्या तोंडाकडं बघितलंच नाही. तिनं त्याच्या पायांकडं बघितलं. पावलं सरळ आहेत ना, जमिनीला टेकलीत ना, ते बघितलं. मग ती पुढं झाली, त्याच्या भुवईवरून अंगठा फिरवला आणि दोन्ही हातांनी त्याला छातीवर, खांद्यावर, जिथं लागेल तिथं मारत सुटली.  पूर्णिमा धरायला गेली तर तिलाही ढकललं. दमली तेव्हा खाली बसली.

“कुठं हुतास?” तिनं विचारलं.

“निपाणीत.”

“मी दर साली निपाणीच्या स्टँडवर उतरते. तिथनं रिक्षा करून पुलाकडं जाते. स्टँडपासनं तुझं घर किती लांब?”

साईनाथनं मान खाली घातली.

“किती लांब, इचारते मी.”

“चालत दहा मिन्टं,” तो म्हणाला.

बायाक्का त्या रात्री त्याच्याशी आणखी काही बोलली नाही. तिनं त्याला वाढलं. तो जेवत असताना समोर बसून त्याच्या तोंडाकडं बघत राहिली, पण तो बोलायला गेला की मान फिरवायची.

गुरुवारी राजेश्वरीचा बसवंतला फोन आला. “मला त्या म्हाताऱ्याकडं न्या,” ती म्हणाली. “ह्यांच्या बोलण्यावर माझा भरवसा न्हाय. तुमच्या बी न्हाय. मी डोळ्यानं बघणार, मग काय ते ठरवणार.”

तिघं वेदगंगेकाठच्या त्या गावात गेले. मष्णूचं घर रस्त्याला लागूनच होतं. म्हातारा अंगणात म्हशीपुढं वैरण टाकत होता, एक पाय ओढत. साईनाथ फाटकाशीच थांबला.  राजेश्वरी थेट आत गेली.

“आजोबा, पुरात तुम्हाला मोटारसायकलनं ठोकलंतं, ते तुम्हीच न्हवं?”

“व्हय. का गं बाई?”

तिनं फाटकाकडं बोट केलं. “त्यो माणूस ह्योच.”

मष्णूनं डोळे बारीक करून बघितलं. साईनाथला त्यानं ओळखलं नाही. शेजारी उभ्या बसवंतला ओळखलं, आणि मग पुन्हा साईनाथकडं बघितलं. हातातली वैरण गळून पडली. तो लंगडत फाटकापर्यंत आला. साईनाथनं हात जोडले होते, ते त्यानं आपल्या खरबरीत हातांत धरले आणि दाबून दाबून बघितले.

“ऊन हाईत,” तो म्हणाला. “आगं, ऊन हाईत हात.” मग घराकडं वळून, फाटलेल्या आवाजात सुनेला ओरडला, “च्या टाक गं! मेलेलं पोरगं आलंय.”

साईनाथ तिथंच, शेणात-मातीत, खाली बसला.  राजेश्वरी पदर खोचून पुढं झाली, सांडलेली वैरण गोळा केली आणि म्हशीपुढं टाकली.