चिरेतला वाळूचा खडा

आमच्या घरात फळीवर एक तांब्या असतो आणि त्याच्या तोंडावर एक वाटी तिरकी ठेवलेली असते. जमीन जरा हलली की वाटी वाजते, आणि किल्लारीतलं आमचं अख्खं घर क्षणात अंगणात येतं. आई, म्हणजे रुक्मिणबाई, त्या वाटीला कुणाला हात लावू देत नाही. भूकंपात तिची पहिली लेक भिंतीखाली गेली. मी नंतरचा. थोरलीला मी फोटोतसुद्धा पाहिलेलं नाही.

बहीण ज्ञानेश्वरी बाळंतपणाला आली, आणि मागाहून बांधलेल्या विटांच्या खोलीत, पाळण्यामागच्या भिंतीला चीर दिसली. केसाएवढी. आईचा चेहरा पांढराफटक पडला.

"बालाजी, फोटू काढ अन् इंजिनिअरला दाखव."

मी लग्नाचे फोटो काढतो, भिंतींचे नाही. पण आईपुढे कुणाचं चाललंय? कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये एक्स्टेन्शन ट्यूब बसवली. नुसतं पोकळ कडं असतं ते, आत काचही नसते. लेन्स पुढे सरकते आणि बारीक वस्तू मोठी दिसते. ट्यूब जितकी लांब, तितकं मोठं दिसतं आणि तितकं जवळ जावं लागतं. माझ्याकडे तीन आहेत. मी सगळ्यात आखूड लावली, फोकसची रिंग शेवटाला नेली आणि कॅमेराच मागेपुढे करत फोटो काढला. चिरेत वाळूचा एक खडा दोन्ही कडांमध्ये घट्ट अडकलेला दिसला. इंजिनिअर म्हणाले, काही दिवसांनी परत काढा, वाढते का बघू.

मधे रेणापूरला लग्न होतं. परत आल्यावर दुसरा फोटो काढला आणि मोबाइलवर दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. केसाएवढी चीर ओढ्याच्या पात्रासारखी पसरली होती.

आईने फोटो पाहिला आणि बाळाला छातीशी धरून सरळ बाहेर पडली. पाळणा पत्र्याच्या शेडमध्ये आला. ऊन तापायचं, बाळ घामेजून रडायचं, ज्ञानेश्वरी माझ्यावर चिडायची. तिचं काय चुकत होतं? पण मलाही त्या खोलीत जायची भीती वाटायची. चप्पल आणायला गेलो तरी भिंतीकडे पाठ करायचो नाही.

बॅग साफ करताना लेन्स काढली, तर तिच्यामागे दोन ट्यूब जोडलेल्या. रेणापूरला अंगठीचे फोटो काढताना लांबवाली जोडली होती, ती काढलीच नव्हती! चीर वाढली नव्हती, मीच ती मोठी करून दाखवली होती. मला रडू आलं आणि हसूही.

"आई, चीर हाय तेवढीच हाय. माझीच चूक."

"खरं?"

"खरं. ने बाळाला आत."

आई ज्ञानेश्वरीला म्हणाली, "चल गं, लेकराचे लई हाल झाले."

खात्री म्हणून मी तिसरा फोटो काढायला घेतला. या वेळी आखूड ट्यूब एकटीच, रिंग शेवटाला, म्हणजे पहिल्यासारखंच सगळं. डोळा कॅमेऱ्याला लावून हळूहळू भिंतीजवळ सरकलो. चीर अंधूक होती, मग स्पष्ट झाली. मी खडा शोधला; दुसऱ्या फोटोत घाबरून त्याच्याकडे नीट पाहिलंच नव्हतं. तो एकाच कडेला टेकून होता. दुसरी कड त्याच्यापासून दूर गेली होती, आणि मधे काळोख होता.

वाटी तर एकदाही वाजली नव्हती.

मी कॅमेरा डोळ्यावरून खाली घेतला. मागे पाळण्याची कडी कुरकुरली. आई बाळाला झोका देत होती, आणि कितीतरी दिवसांनी गुणगुणत होती.

"आई," मी हळूच म्हणालो, "बाळाला उचल."

तिने का म्हणून विचारलं नाही.