नव्या गाडीचं तोंड

गाडीचं नवं तोंड बाजारात आलं आणि सूनबाईच्या घरात जेवणाच्या टेबलावरची वाचाच बसली. भांडण वगैरे काही नव्हतं. पण एरवी जगातल्या झाडून सगळ्या विषयांवर तोंडसुख घेणारी माणसं ‘जरा मीठ सरकव’ यापलीकडे बोलेनाशी झाली, की काहीतरी बिनसलंय हे समजायला फार अक्कल लागत नाही.

आता ही गाडी म्हणजे साधीसुधी नव्हे. उंचीपुरी, आलिशान एसयूव्ही. आत बसलेला माणूस आपोआप ताठ बसतो. वीसेक वर्षं तिचं तोंड एकच होतं. सरळ उभं नाक, दोन गोल दिवे आणि मधोमध चकचकीत उभ्या पट्ट्यांची जाळी. लांबून नुसत्या पट्ट्या दिसल्या तरी लोक गाडी ओळखत. हे तोंड कागदावर पहिल्यांदा काढलं ते सासरेबुवांनी, कंपनीच्या डिझाइन विभागाचे प्रमुख असताना. ते निवृत्त झाले, आणि तोंड बदलायचं काम कंपनीने दिलं कोणाला, तर त्यांच्याच सुनेला. आता बोला.

ती मुळात त्यांची शिष्या. कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली, केसांत पेन्सिल खोचून हिंडणारी ही मुलगी त्यांच्या हाताखाली आली आणि तिच्या ढीगभर चित्रांवर त्यांनी लाल रेघ मारली. तरी ती टिकली. मग एका संध्याकाळी त्यांचा मुलगा वडिलांना न्यायला ऑफिसात आला, आणि त्यानंतर रोजच येऊ लागला. वडिलांकडे स्वतःची गाडी आहे, हे त्याच्या लक्षात यायला लग्न व्हावं लागलं.

तर सूनबाईने काय केलं, त्या पट्ट्या काढूनच टाकल्या. एक म्हणून ठेवली नाही. त्यांच्या जागी सपाट, गुळगुळीत नाक आणि दोन्ही कडांना बोटभर रुंदीचे दिवे. अख्ख्या गाडीएवढा मातीचा नमुना करून, त्यावरून महिनोन्महिने हात फिरवून तिने ती सपाटी मिळवली होती. कुठे एका केसाचा फुगवटा राहिला तरी उजेड त्यावर अडखळतो. दिसायला काही नाही आणि करायला जीव काढणारं, असं ते काम.

गाडी रस्त्यावर आली आणि गावात उभी फूट पडली. कोणी म्हणे काय देखणी, कोणी म्हणे आजारी दिसते. बँकेतल्या बाईंना ती शांत वाटली, केस कापणाऱ्याला ती भुवया भादरल्यासारखी वाटली. कंपनीने वापरायला दिलेली एक नवी गाडी दारात उभी होती, तरी सूनबाई ऑफिसला बसने जाऊ लागली. गाडी घेऊन निघालं की प्रत्येक सिग्नलला शेजारचा काच खाली करायचा आणि न विचारता मत द्यायचा. बसमध्येही लोक तेच बोलत, पण निदान ते तिच्याकडे बघून तरी बोलत नसत.

घरात नणंद विरोधी पक्षात. ती परगावी राहायची, पण फोन होता ना. रस्त्यात त्या पट्ट्या दिसल्या की मला बाबा दिसायचे, असं म्हणून ती चक्क रडली. सासूबाईंनी आयुष्यभर ड्रायव्हिंग स्कूल चालवलेलं. त्यांचं म्हणणं, तोंडाचं कौतुक राहू द्या, ब्रेक कसे आहेत ते सांगा. नवरा दातांचा डॉक्टर. खुर्चीवर आ वासून पडलेल्या प्रत्येक पेशंटला तो बायकोच्या बाजूने भाषण द्यायचा, कारण तिथे उलट बोलायची सोय नव्हती. घरी वडिलांसमोर मात्र त्याची बोबडी वळायची.

आणि सासरेबुवा गप्प. पहिल्या दिवशी त्यांनी हात मागे बांधून नव्या गाडीला एक चक्कर मारली, नाकासमोर वाकून उभे राहिले, आणि मग आत जाऊन झाडांना पाणी घातलं. बस्स. सूनबाईला वाटलं, लाल रेघ मारली असती तरी परवडलं असतं. हे तोंडाला कुलूप घालून बसणं तिच्या जिवाला लागलं.

त्यातच मुख्य साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. जुनी गिऱ्हाइकं कुरकुर करताहेत, असं ते म्हणाले. गुरुवारी बैठक आहे. हे तोंड ठेवायचं, की ह्याच तोंडावर जुन्या पट्ट्या परत बसवायच्या, ते तिथे ठरवू. सूनबाई म्हणाली की पट्ट्या बसवल्या तर ते ना धड जुनं राहील ना नवं, आणि त्यापेक्षा त्यावरचं माझं नाव काढा. साहेब मऊ आवाजात म्हणाले, “मी तुमच्या सासऱ्यांना बोलावलंय. शेवटी मूळ तोंड त्यांचं. ते म्हणतील तसं करू.”

तिने मनाशी हिशेब मांडला. गाडी गेली तर गेली, दुसरी काढता येईल. पण ज्या माणसाने हात धरून रेघ ओढायला शिकवलं, त्यानेच चारचौघांत आपली रेघ पुसली तर उद्या सकाळी त्याच्यासमोर चहाचा कप कुठल्या तोंडाने ठेवायचा? त्यांचा शब्द तिला हवा होता. साहेबांचा होकार त्याच्यापुढे काहीच नव्हता. घरी आल्या आल्या तिने धीर करून विचारलं, “बाबा, तुम्हाला कशी वाटली?”

सासरेबुवांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “गुरुवारी सांगतो,” म्हणाले.

बैठकीच्या आदल्या दिवशी तिचं डोकं चढलं, म्हणून ती दुपारीच ऑफिसातून निघाली. बसमध्ये खिडकी मिळाली. बस मोठ्या चौकात आली, तिथे कारंज्याभोवती गाड्या गोल फिरतात. सूनबाई बघते तर समोरून सासरेबुवांची जुनी गाडी चालली आहे, पट्ट्या उन्हात चमकताहेत. आणि तिच्या मागे, अगदी चिकटून, दारातली नवी गाडी. चालवायला सासूबाई, पाठीचा कणा ताठ, परीक्षेला बसल्यासारखा चेहरा. दोघांनी कारंज्याला एक फेरी मारली. मग दुसरी. वाहतूक पोलीस कमरेवर हात ठेवून बघत राहिला होता. बस पुढे निघून गेली तेव्हा त्यांची तिसरी फेरी चालू होती.

सूनबाईला आधी हसू फुटलं, आणि मग एकदम कळलं. गाडीचं तोंड कधी दारात उभं राहून बघू नये, असं तेच तिला शिकवत असत. लोक गाडीचं तोंड बघतात ते आरशात. आपल्या मागून ती येते, आरशात मोठी होत जाते, तेव्हा मनात काय होतं ते बघायचं. आपण होऊन वाट द्यावीशी वाटली, की तोंड जमलं. म्हातारा तिची गाडी आरशात बघत होता. चोरून.

घरी येऊन तिने स्वयंपाकघरात सासूबाईंना गाठलं. आधी त्यांनी कानावर हात ठेवले. मग भाजी चिरता चिरता सगळं ओकून टाकलं. तीन दिवस हेच चाललंय म्हणे. तू बसमध्ये बसलीस की आम्ही निघतो.

“मला म्हणतात, अजून जवळ ये, अजून जवळ ये,” सासूबाई तणतणल्या. “जन्मभर पोरांना शिकवलं की पुढच्या गाडीपासून अंतर ठेवा. आता म्हातारपणी ह्यांच्या बंपरला नाक लावून फिरतेय मी. कोणी जुना विद्यार्थी भेटला तर काय अब्रू राहील?”

“पण आई, त्यांना वाटतंय काय?”

“मला सांगतात होय. खाली उतरले की झाडांना पाणी. सडली ती झाडं.”

गुरुवारी नव्या गाडीला सुट्टी नव्हती. साहेबांनी ती बैठकीला मागवली होती, म्हणून सूनबाई ती घेऊन गेली. सासरेबुवांना सासूबाईंनी जुन्या गाडीतून आणलं. त्या स्वतः खाली गाडीतच बसून राहिल्या, कारण गाडी लावायची तिथली पद्धत त्यांना मुळीच पसंत नव्हती.

वर खोलीत लांबलचक टेबल. नव्या तोंडाचं मोठं चित्र एका भिंतीवर, आणि त्याच तोंडावर जुन्या पट्ट्या चढवलेलं चित्र समोरच्या भिंतीवर. सासरेबुवा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. जुने सहकारी उठून त्यांच्या पाया पडायचेच काय ते बाकी राहिले. विक्री विभागाच्या माणसाने गिऱ्हाइकांची कुरकुर अर्धा तास वाचून दाखवली. सूनबाई टेबलाखाली बोटं मोडत बसली. मग साहेब म्हणाले, सर, आता तुम्ही.

सासरेबुवा उभे राहिले. “खरं सांगू? मला ही गाडी आवडली नाही.”

साहेबांचा जीव भांड्यात पडल्याचं सगळ्यांना दिसलं. सूनबाईने मान खाली घातली. डोळ्यांत पाणी आलं, आणि आता इथे रडायचं नाही एवढं एकच ती मनाशी घोकत राहिली.

पण सासरेबुवा बसले नाहीत. त्यांनी सांगायला सुरुवात केली, की गेले काही दिवस ते ही गाडी मागे घेऊन फिरताहेत. पहिल्या दिवशी आरशात त्यांनी फक्त आपल्या पट्ट्या शोधल्या. त्या नव्हत्या, म्हणून चिडले. दुसऱ्या दिवशीही शोधल्या, पण तेवढ्या जोराने नाही.

“काल पट्ट्या शोधायचं विसरलोच मी,” ते म्हणाले. “ती मागून आली. शांत, काही न बोलता. आणि माझा हात आपोआप वळला, मी बाजूला झालो. तिला वाट दिली. चालवणारी माझी बायको होती, आणि तिला मी रस्त्यात कधीच वाट दिलेली नाही.”

खोलीत हशा पिकला. साहेबांनी गडबडीने समोरच्या भिंतीकडे बोट केलं. म्हणजे पट्ट्या नकोत असं तुमचं म्हणणं आहे का, असं त्यांनी विचारलं.

“त्या पट्ट्या माझ्या आहेत,” सासरेबुवा म्हणाले. “त्या तिच्या गाडीला उसन्या द्यायची माझी तयारी नाही. तिला त्यांची गरज नाही.”

आणि ते खाली बसले. साहेबांनी पट्ट्यांचं चित्र उतरवायला सांगितलं. विक्री विभागाच्या माणसाने आपले कागद उलटसुलट केले आणि गोळा केले. बैठक तिथेच संपली.

जिन्यात सूनबाईने त्यांना गाठलं. तिला खूप काही म्हणायचं होतं आणि तोंडातून निघालं भलतंच. “बाबा, खरंच नाही आवडली?”

“नाही.”

“थोडीसुद्धा?”

“अगं, सवय होऊ दे की माणसाला. माझी आवडायला मलासुद्धा वर्ष लागलं होतं.” ते दोन पायऱ्या उतरले आणि थांबले. “काम मात्र एक नंबर केलंयस. ती सपाटी मला कधी जमली नसती. हे मी पहिल्याच दिवशी बघितलं, आणि म्हणूनच बोलवेना.”

मग सूनबाई रडलीच. सासरेबुवा खिसे चाचपत राहिले, रुमाल काही सापडला नाही.

खाली आल्यावर ते आपल्या गाडीकडे गेलेच नाहीत. सासूबाईंना हातानेच म्हणाले, तू ये मागून, आणि सरळ नव्या गाडीत सुनेच्या शेजारी जाऊन बसले. सूनबाईने गाडी रस्त्यावर घेतली. मग तिचं आरशाकडे लक्ष गेलं. मागून जुनी गाडी येत होती, दोन गोल दिवे, उभ्या पट्ट्या, आणि सासूबाईंनी इतक्या दिवसांत अंतर ठेवायची सवय पार सोडून दिलेली. ते तोंड आरशात मोठं मोठं होत गेलं. सासरेबुवाही आपल्या बाजूच्या आरशात टक लावून बघत होते.

“मी नेहमी तिच्या आत बसलेला,” ते हळूच म्हणाले. “मागून येताना बघायलाच मिळाली नाही कितीतरी वर्षांत.”

“कशी दिसते?” सूनबाईने विचारलं.

त्यांनी चष्मा काढून पुसला. त्यांना बोलवतच नव्हतं. सूनबाईने दिवा दाखवला, गाडी अलगद बाजूला घेतली आणि वाट दिली. सासूबाई जोरात पुढे निघून गेल्या, दोघांकडे ढुंकूनही न बघता.