पाहण्याआधीची वाहवा

मित्रांनो, काचेवरचं नाक जरा मागे घ्या. काच धुरकट होते आणि मला तुमचे चेहरे दिसत नाहीत. हां, आता बरं.

मी एक जुना माईक आहे. या बातम्यांच्या वाहिनीच्या कचेरीत, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावा म्हणून, मला दारातच काचेच्या पेटीत उभं केलं आहे. खालच्या पितळी पट्टीवर काय लिहिलंय ते तुमच्या बाईंनी आत्ताच मोठ्यांदा वाचलं. 'लोकांचा खरा आवाज.' तुम्ही टाळ्याही वाजवल्यात. त्या टाळ्या मला चांगल्याच झोंबल्या. बाई तुमची नावं नोंदवायला खिडकीशी गेल्या आहेत, तोवर खरं काय ते ऐका. जन्मभर मी दुसऱ्यांचं बोलणं वाहिलं. माझं मत कुणी विचारलं नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. माझ्या पोटात कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ पडदा आहे. आवाज आला की तो थरथरतो आणि ती थरथर वायरीतून पुढे जाते. एवढंच माझं काम. डोक्यावर लाल स्पंजाची टोपी घालून मी या वाहिनीत आलो, तेव्हा काय ऐट होती माझी!

मी पडलो एका बातमीदार बाईच्या हातात. थिएटरचा रखवालदार, तिकीट फाडणारा, समोरचा चहावाला, सगळे तिला माईकवाली म्हणत. खेळ सुटला की ती दारात उभी राहायची आणि बाहेर येणाऱ्यांना विचारायची, "कसा वाटला?" तिच्याबरोबर एक कॅमेरावाला असे. उंचीनं बेताचा, म्हणून त्याचं नाव लंबू. गर्दीत कॅमेरा डोक्यावर धरून तो टाचा उंचावून उभा राहायचा आणि दिवसभर पोटऱ्यांच्या नावानं कुरकुरायचा.

माईकवालीची एक रीत होती. प्रश्न विचारला की ती गप्प बसायची. माणूस म्हणायचा, "छान." ती मला मागे घ्यायचीच नाही. माणूस चुळबुळायचा, इकडेतिकडे बघायचा, आणि मग खरं बोलायचा. एक काका असेच "छान, छान" करत राहिले आणि शेवटी माझ्या कानाशी लागून म्हणाले, "खरं सांगू? मला झोप लागली हो. पण हिला सांगू नका, तिकिटं तिनं काढलीत." बायको मागेच उभी! लंबू इतका हसला की कॅमेरा हलला. लोक म्हणायचे, माईकवालीनं दाखवलं म्हणजे तो सिनेमा तसाच असणार. माझी मान ताठ असायची त्या दिवसांत.

मग नवे साहेब आले.

साहेबांना सगळं झटपट हवं असे. प्रेक्षकाच्या दोन वाक्यांच्या तुकड्याला आमच्या धंद्यात बाईट म्हणतात. साहेब म्हणाले, "खेळ सुटल्यावर लोकांची तोंडं उतरलेली असतात. पोरं रडतात, गाडी काढायची घाई असते. आत जाताना बघा, कसे नटलेले असतात, खुशीत असतात! जातानाच बाईट घ्या. बघून आल्यासारखे दाखवा."

"साहेब, बघितलंच नाही तर मत कसलं देणार?" माईकवालीनं विचारलं.

"अहो, ताट वाढलं की पाहुणे घास घ्यायच्या आधीच म्हणतात ना, वा, काय झालंय! तसंच हे."

ठरलं. लंबू माणसांना दारातून दोन पावलं आत पाठवायचा आणि म्हणायचा, "आता हसत बाहेर या." माणसं यायचीसुद्धा! भली शिकली-सवरलेली माणसं, न पाहिलेल्या सिनेमाबद्दल डोळे पुसत बोलायची. टीव्हीवर दिसायचं म्हटल्यावर माणूस काय वाटेल ते बोलतो, हे मी या पडद्यावर झेललेलं आहे. पहिल्या दिवशी माईकवाली माझी टोपी सरळ न करताच घरी गेली. पुढे तेही अंगवळणी पडलं.

अशात एक अ‍ॅनिमेशनचा सिनेमा आला. एक साधा पोरगा सुपरहिरो कसा झाला, त्याची गोष्ट. पोस्टरवर तो ढगांत उडत होता, पाठीवर झूल फडफडत होती. ते पोस्टर सिनेमा विकणाऱ्यांनी करून घेतलं होतं. सिनेमा केला होता एका चित्रकार बाईनं, लाँड्रीच्या वरच्या भाड्याच्या खोलीत, मूठभर जोडीदारांना घेऊन, कित्येक वर्षं खपून. पेन धरून धरून तिच्या बोटाला घट्टा पडला होता. पहिल्या खेळाला ती थिएटरच्या पायऱ्यांवर आमची वाट बघत उभी होती.

"ताई," ती माईकवालीला म्हणाली, "जाहिरात करायची आमची ऐपत नाही. लोकांनी लोकांना सांगितलं तरच चालेल. नाहीतर सोमवारी उतरवणार, थिएटरवाल्यांनी तोंडावर सांगितलंय. तुमच्यावर लोकांचा विश्वास आहे. एकच करा, बघून आलेल्यांनाच विचारा. शिव्या दिल्या तरी चालतील. पण बघून दिलेल्या असू देत."

माईकवालीनं तिचा हात दाबला. "शब्द देते."

चित्रकार बाई आत जाऊन मागच्या रांगेत बसली असेल-नसेल, तोच साहेबांचा फोन. "मध्यंतराच्या आत बाईट पाहिजेत. दुसऱ्या वाहिनीनं आधी दाखवलं तर उद्या येऊ नका."

माईकवाली स्वतःशीच पुटपुटली, "कौतुकच तर करून घ्यायचंय. त्यात तिचं काय वाईट होणार?" आणि लंबूला म्हणाली, "गर्दी आत चाललीये. उभा राहा."

अहाहा, काय ती मतं! एक कॉलेजातला म्हणाला, "काय उडतो, भाऊ! अंगावर काटा आला!" एक टायवाले गृहस्थ म्हणाले, "ढगांतलं उड्डाण ज्या बारकाईनं दाखवलंय, त्याला तोड नाही." एका काकूंनी तर कहर केला. "आमचा धाकटा तो उडताना बघून खुर्चीत उभा राहिला हो!" धाकटा शेजारी पॉपकॉर्नसाठी हट्ट करत होता. सगळ्यांनी पोस्टर बघितलं होतं. आम्हीही तेवढंच बघितलं होतं. मध्यंतराच्या आत सगळं टीव्हीवर गेलं आणि साहेबांनी शाबासकी दिली.

मित्रांनो, त्या सिनेमातला पोरगा उडतच नाही.

त्याची आई उंच इमारतींच्या काचा बाहेरून पुसते, दोरावर लटकून. पोराला उंचीची इतकी भीती की तो घरच्या गच्चीवरसुद्धा जात नाही. एक दिवस आईचा दोर अडकतो आणि खालचे लोक नुसते बघत उभे राहतात. तेव्हा हा पोरगा रडत रडत, कठडा धरून, सगळे जिने चढून वर जातो आणि दोर सोडवतो. बस, एवढाच त्याचा पराक्रम. शेवटी आई त्याच्या खांद्यावर आपलं काचा पुसायचं फडकं बांधते. तीच त्याची झूल.

खेळ सुटला. बाहेर येता येता लोकांनी फोन उघडले आणि आमचे बाईट बघितले. आधी एक हसला, मग दहा हसले, मग सगळा जिना हसायला लागला. "अरे, उडतो कुठे हा? न बघताच ठोकलंय!" "पैसे चारले असतील सिनेमावाल्यांनी." "मग सिनेमाच भिकार असणार. कशाला भाड्यानं वाहवा आणावी लागते?" म्हणजे बघा, खोटं बोललो आम्ही, आणि तोंड काळं झालं तिचं. पुढच्या खेळाच्या रांगेतली माणसं वळून परत जाऊ लागली. साहेबांचा पुन्हा फोन आला. "आवरा आणि निघा तिथून." लंबूनं मला पायरीवर ठेवलं आणि माझी वायर काढून गुंडाळली.

चित्रकार बाई पायऱ्या उतरून आली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"ताई, शब्द दिला होतात ना?"

"अहो, मी कौतुकच..." माईकवाली बोलू लागली.

"माझ्या पोराला जे येत नाही, त्याचं कौतुक केलंत. जे येत होतं ते कुणापर्यंत पोचलंच नाही." एवढं बोलून ती चालू लागली आणि कोपऱ्यावरून वळून गेली.

तेवढ्यात थिएटरातून सगळ्यात शेवटी एक मुलगी आली, तुमच्यापेक्षा लहान, बाबांचं बोट धरून. रडून डोळे सुजलेले. तिला मी दिसलो. पायरीवर निपचित पडलेल्या मला तिनं दोन्ही हातांनी उचललं आणि तोंडाशी धरलं. "हॅलो, हॅलो. मला सिनेमा खूप आवडला. तो घाबरला होता ना, तरी चढला. आमच्या जिन्यात पण अंधार असतो. मी दूध आणायला एकटी जात नाही. उद्या जाणारे. रडत रडत जाईन, पण जाणारे."

मित्रांनो, माझा पडदा असा कधी थरथरला नव्हता. आणि वायर लंबूच्या पिशवीत होती.

"लंबू, लाव रे, लाव लवकर!" माईकवाली किंचाळलीच.

"साहेबांनी आवरा म्हटलंय. आता कुणाचं काय खरं मानणारेत लोक?" लंबू खाली बघत म्हणाला.

मुलीनं विचारलं, "मावशी, मी टीव्हीवर दिसेन ना?"

माईकवाली मान हलवून म्हणाली, "हो बाळा."

त्या संध्याकाळी ती पोरगी टीव्हीसमोर बसली असेल. घरातल्या सगळ्यांना बोलावून बसली असेल. किती वेळ, ते मला माहीत नाही.

सिनेमा सोमवारी उतरला. चित्रकार बाईनं पुन्हा काही काढल्याचं माझ्या कानावर आलं नाही. माईकवालीनं नोकरी सोडली. जाताना तिनं माझी टोपी सरळ केली आणि मला टेबलावर ठेवलं. साहेबांना बढती मिळाली, आणि वाहिनीची गेलेली अब्रू भरून काढायला त्यांनीच ही पेटी आणि ही पट्टी करवून घेतली. माझी खरी टोपी विटली होती, ही नवी आहे. वायर मात्र कुणी जोडली नाही. म्हणून तर मी इतका घसा फोडतोय आणि तुमच्यातल्या एकालाही ऐकू जात नाही.

तरी सांगतो. कुणी काहीतरी जीव ओतून केलं असेल, तर आधी बघा, मग बोला. नाही आवडलं तर तसं म्हणा, त्यानं कुणी मरत नाही. आणि ती मुलगी कधी भेटलीच, तर तिला सांगा, तुझं बोलणं वाया गेलं नाही, एका माईकनं ते जपून ठेवलंय.

बाई आल्या वाटतं. बरोबर हा वाहिनीचा माणूस, हातात फोन. आत अजून तुम्ही पाऊलही टाकलेलं नाही, तोच तो म्हणतोय, "मुलांनो, आमची कचेरी कशी वाटली ते सांगायचं हं! दोन पावलं आत जा आणि हसत बाहेर या."

आणि तुम्ही हसत निघालातसुद्धा.