फणसाच्या लाकडाची टकटक

मित्रांनो, दिसायला मी एक जुनी, कोपरा उडालेली लाकडी पट्टी आहे. पण मला साधीसुधी समजू नका. मेकाँग नदीकाठच्या आमच्या शाळेत मी पहिलीचा अख्खा वर्ग चालवून दाखवला आहे, तोही पाहुण्यांसमोर.

गावच्या सुताराने मला फणसाच्या लाकडातून घडवलं, तासून गुळगुळीत केलं आणि खाय नावाच्या गुरुजींच्या हाती दिलं. गुरुजी दुसरीला शिकवत. त्यांच्याकडे मी रेघा थोड्या मारल्या आणि तळहातांवर फटके जास्त. वर्ग चिडीचूप असे, म्हणून सगळे गुरुजींचं कौतुक करत. माझं कोणी केलं नाही. कोपरा उडाला तशी मी कपाटामागे जाऊन पडले, आणि वर्षानुवर्षं धूळ खात राहिले.

पुढे ल्येनबाई नव्याने पहिलीवर आल्या. त्यांनी मला शोधून काढलं, पुसलं आणि मुलांशी ठरवून टाकलं. टेबलावर माझा एक ठोका पडला की पाटीवर उत्तर लिहायचं, पुढचा पडला की पाट्या वर. लागोपाठ दोन पडले की पाट्या खाली. मुलांना खेळच मिळाला. तरी कलकलाट असायचाच, आणि थोआ नावाच्या मुलीचं तोंड तर क्षणभर मिटत नसे. ओरडून ओरडून बाईंचा घसा बसला, तोही नेमका पाठ-निरीक्षणाच्या आदल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी शाळेतले सगळे शिक्षक पाहुणे म्हणून मागे बसून बाईंचा पाठ बघणार होते.

मुख्याध्यापिकांनी बजावलं, की गोंधळ झाला तर सोमवारपासून पहिली खायगुरुजींकडे जाईल. वर नेहमीची युक्तीही सांगितली. "ज्याला येतं त्याने उजवा हात वर करायचा, ज्याला येत नाही त्याने डावा. तुम्ही उजव्यांनाच विचारा. सगळा वर्ग हुशार दिसतो."

"पाट्याच वर करू देत," बाई कशाबशा पुटपुटल्या.

"आणि एखाद्याचं चुकलं तर?"

"तर दिसेल."

सकाळी खारवलेलं लिंबू चोखूनही बाईंच्या तोंडून शब्द फुटेना. बाईंनी फळ्यावर आठ वजा तीन लिहिलं आणि मला वाजवलं. खडू चालू लागले. पुन्हा ठोका. पाट्या वर. सगळीकडे पाच, आणि पहिल्याच बाकावर थोआचा सहा. मुख्याध्यापिकांनी कपाळाला हात लावला.

बाई थोआजवळ गेल्या. मला बाकावर ठेवून त्यांनी आपली आठ बोटं तिच्यापुढे धरली. थोआने त्यातली तीन मिटवली, उरलेली मोजली आणि ओल्या फडक्याने सहा पुसून टाकला. तोवर एकही पोर हसलं नाही की बोललं नाही. सगळे पाट्या धरून तिच्यासाठी थांबले होते. तिने नवा आकडा लिहिला, पाटी उंच केली आणि मागे वळून पाहुण्यांनाच सांगितलं, "आधी चुकलं होतं. आता पाच आलेत. बाईंना बोलवत नाही ना, म्हणून मी सांगते."

पाहुणे खळखळून हसले. बाईंनी माझे दोन ठणठणीत ठोके दिले आणि सगळ्या पाट्या एकदम खाली आल्या. असा शिस्तीचा वर्ग मी आधी कधी पाहिला नव्हता, हे अगदी छाती ठोकून सांगते. मला तर नाचावंसं वाटत होतं.

खायगुरुजी जाताना बाईंजवळ थांबले. "पहिली तुमच्याकडेच शोभते, बाई," ते म्हणाले. "ही पट्टी मात्र मला एक दिवस द्या."

दुसऱ्या दिवशी मला त्यांच्या हातात बघताच दुसरीच्या मुलांनी हात पाठीमागे लपवले. गुरुजींनी मला टेबलावर हलकेच वाजवलं, ठोक्यांचा अर्थ समजावला आणि ते वाट बघत उभे राहिले. मग हळूहळू एकेक हात पुढे आला आणि पाटीकडे गेला.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी शिक्षक झालं, तर माझ्यासारख्या पट्टीला लाकडावरच वाजवा. तळहातावर आमचा आवाज कधीच इतका छान येत नाही.