मानेखालचं सगळं

"खांदा सैल सोड. सैल म्हटलं मी, पाड नाही म्हटलं."

खिडकीशी उभ्या असलेल्या बायकोनं खांदा सोडला आणि चित्रकाराची पेन्सिल पुन्हा चालू लागली. तिचे गुडघे सकाळपासून ठणकत होते. पण माणूस आधी पेन्सिलीनं कागदावर उभा राहिल्याशिवाय नवरा रंगांना हात लावत नाही, आणि तो उभा राहायचा तर आपण उभं राहायला हवं, हे तिला लग्नानंतर पहिल्याच महिन्यात कळून चुकलं होतं.

लोक आपल्या वारलेल्या माणसांची चित्रं त्याच्याकडून करून घेत. चेहरा फोटोवरून मिळे. मानेखालचं सगळं बायकोचं. ती कुणाची मुख्याध्यापिका झाली, कुणाची आजेसासू झाली, एकदा तर नवऱ्याचा कोट चढवून न्यायाधीशही झाली. "आई, आमच्या शाळेच्या हॉलमध्ये तुझे हात टांगलेत," असं लेक चिडवायची. कच्च्या चित्रात डोक्याच्या जागी नुसता लांबट गोल असे, आत एक उभी रेघ, एक आडवी. अशा कागदांनी कपाट भरून गेलं होतं, पण तिचं नाक त्यात कुठेच नव्हतं.

"उद्यापासून तुझ्या जागी उभं राहायला एक मुलगी येईल," तो म्हणाला. "डॉक्टरांनी तुला उभं राहू नको म्हटलंय ना."

"म्हणजे माझं आजचं शेवटचं."

"सुटलीस बघ."

सुटली खरी, पण तिला वाईट वाटलं. एवढा जन्म गेला आणि आपला असा एक कागद नाही. मागून घेणं तिच्या स्वभावात नव्हतं. तरी ती जागेवरूनच म्हणाली, "अहो, आज तेवढं माझं तोंड काढा."

"तुझं? कशाला?"

"कशाला म्हणजे? आहे म्हणून."

तो हसला. नवा कागद लावून त्यानं सवयीनं गोल काढला आणि तिथेच हात अडला. तिचा खांदा, तिचं कोपर त्यानं झोपेतही काढलं असतं. नाक काढलं, पुसलं. डोळे दोनदा पुसले. मग तो उठून अगदी जवळ आला आणि तिच्याकडे बघत राहिला. ती अवघडून गेली. गुडघ्यांत आता कळा येत होत्या, पण हौस आपलीच, तेव्हा तक्रार कुणाकडे करणार?

मग खुर्चीत परत बसून तो काढू लागला, आणि बऱ्याच वेळानं त्यानं पेन्सिल खाली ठेवली. "ये, बघ." त्याचा आवाज उतरला होता.

भिंत धरत धरत ती आली. कागदावर एक बाई होती. डोळ्यांखाली कातडी लोंबलेली, ओठ मिटलेले, ओरडायचं नाही असं ठरवलेली. चित्र हुबेहूब उतरलं होतं. ती कागदाकडे परक्या बाईकडे बघावं तशी बघत राहिली.

"किती दमलीय हो ही," ती म्हणाली. "हिला कुणीतरी बस तरी म्हणायचं."

तो घाईघाईनं उठला आणि त्यानं आपली खुर्ची पुढे सरकवली. बसायचं आपल्यालाच आहे, हे तिच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला.