न दिसणारा उजेड

जेवता जेवता लटारूनं ती गोष्ट गंमत म्हणून सांगितली.

"परवा मशीनीपाशी वाकलो, न् डोळ्यातच टक् झालं. तव्यावर लाही फुटते ना, तेवढंच. मी म्हटलं, गेली आजची रात. पण कायचं काय! ना दुखलं, ना पाणी आलं. मनकर्णे, तुहा आलू वाचला वो."

मनकर्णा हसली. तीस वर्षं वेल्डरचा संसार केलेली बाई. वेल्डिंगची झळ लागली की डोळ्यांत रेती भरल्यासारखं होतं, हे तिला ठाऊक. मग ती आलूच्या चकत्या कापायची, नवऱ्याच्या पापण्यांवर ठेवायची आणि सकाळपर्यंत डोळे निवायचे. या घरात डोळ्याचं दुखणं म्हणजे एका रात्रीचा पाहुणा. दुखलं तर झळ, नाही दुखलं तर काही नाही.

दिव्यानीचा घास मात्र हातातच राहिला.

ती त्यांची एकुलती लेक. दोन वर्षांपासून इंदूरला लेसरच्या प्रयोगशाळेत होती, आठ दिवसांच्या सुट्टीवर चंद्रपूरला आली होती. आली त्या दिवशी आईनं जात्यावरच्या चालीत दोन ओळी जुळवून म्हटल्या होत्या:

लेक माझी उजेडाची, उजेडाला देते धार,
उन्हाच्या गं पोटातून काढे सुईवाणी तार.

उजेडाला धार कशी देतात, ते लेकीनंच तिला सांगितलं होतं. दिव्याचा उजेड चहूकडे सांडतो, लेसरचा एका वाटेनं, एका पावलानं चालतो. तो लोखंड कापतो, हिऱ्याला भोक पाडतो, डॉक्टरच्या हाती दिला तर डोळा सांधतो. "आमच्या इथला तर एका क्षणाच्या अब्जाव्या भागात आपल्या वीजघराच्या वर जोर दाखवते, आई. मंग विझते." मनकर्णेनं पदर तोंडाला लावला होता. "इतका जोर न् इतकं कमी आयुष्य!"

आता दिव्यानीनं ताट सरकवलं. "बाबा, कोणती मशीन?"

"अल्ताफभाऊनं गुजरातेतून जुनी आणली ना, तेच. राइस मिलच्या जाळ्याले भोकं पाडते. आरमोरी, मूल, सगळ्या मिलांचं काम आलं. लेसरच म्हणतात तिले. तुह्याच जातीची."

"तिच्यावर झाकण असते. पेटीसारखं."

"होतं. स्टीलचा पत्रा मोठा, त्यात मावत नाई. काढून ठेवलं."

"आन् चष्मा?"

"एक आला होता, हिरवा. लावला की सगळं दलदलीतून पाहिल्यावाणी दिसे. अन् लावाचा कायले बाई? वेल्डिंगसारखा उजेडच नाई तिचा. इतकुशी ठिणगी. कोणाच्या डोळ्यात जाईन ते?"

दिव्यानीनं बापाच्या डोळ्यांत निरखून पाहिलं. बाहेर मे महिना तापत होता.

तिथंच तर चूक होती. ज्यानं आयुष्यभर डोळे दिपवणाऱ्या उजेडापासून डोळे राखले, तो न दिसणाऱ्या उजेडापुढं उघड्या डोळ्यांनी वाकला होता. त्या मशीनचा झोत माणसाला दिसतच नाही. चकचकीत स्टीलवरून तो उसळतो, बुबुळातून सरळ आत जातो, आणि डोळ्याचं भिंग त्याला सुईच्या टोकाएवढा करून मागच्या पडद्यावर टेकवतं. पडद्याला दुखणं कळत नाही. तिथं फक्त टक् होतं. प्रयोगशाळेत पहिल्याच दिवशी त्यांना हा आवाज सांगितला होता, कोणावर तो ऐकायची पाळी येऊ नये म्हणून.

ती उठली, देव्हाऱ्यापाशी ठेवलेला रांगोळीचा डबा घेतला आणि सावलीतल्या ओसरीवर ठिपके टाकू लागली. अकरा बाय अकरा.

"भर दुपारी काहाची रांगोळी वो?" आई म्हणाली.

"बाबा, इथी उभे राहा. एक डोळा झाका न् मधातल्या ठिपक्याकडे पाहा."

लटारूनं डावा डोळा मिटला. पट्टी सरळ आहे की वाकडी, हे तो तसाच पाहायचा. तीस वर्षं डावा मिटून उजव्यानं. "सगळे हायेत. मोजून दाखवू?"

"तसं नाई. उजवा झाका."

उजवा एकटा मिटेचना, सवयच नव्हती. शेवटी त्यानं त्यावर तळहात ठेवला. आणि पुढं वाकला.

"बाबा?"

"मधातले कोणं पुसले?"

मनकर्णेनं ओसरीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "कोणीच नाई पुसले जी."

"चार-पाच ठिपके नाईत. काऊन चिडवून राह्यल्या तुम्ही मायलेकी? काल धुरावाणी दिसे. मले वाटलं, कोळशाचा कण गेला असंन." त्यानं हात काढला. ठिपके परत आले. हात ठेवला. गेले. मूल चेहरा झाकून खेळतं तसं त्यानं तीनदा केलं.

मग तोच म्हणाला, आणि त्याचा आवाज बदलला होता. "बिरजू बसला हाये आता मशीनीवर. तीन वाजेपर्यंत."

बिरजू म्हणजे त्याच्या हाताखालचा कारागीर, मागच्याच चैत्रात लग्न झालेला.

दिव्यानीनं शेजारच्या घरून वर्कशॉपला फोन लावला. घंटी वाजत राहिली. कॉम्प्रेसरच्या घरघरीत तिथं कोणाला ऐकू येणार? तिनं लूना काढली, बाप मागं बसला. रस्त्यावर तो उजव्या डोळ्यावर हात ठेवून बसला होता.

"खांब येते, न् मधातून तुटते," तो तिच्या कानाशी म्हणाला. "वर तार हाये, खाली बुड हाये."

"हात काढा बाबा. नका पाहू."

"पाहू नको तं काय करू?"

मूल रोडवर वर्कशॉपचं शटर अर्धं उघडं होतं. दिव्यानी उंबऱ्यापाशी धावत आली आणि थांबली. पाऊल उचलेना. प्रयोगशाळेत झोत सुरू असला की दारावर लाल दिवा लागतो आणि कोणी आत जात नाही. इथं दिवा नव्हता. आतली हवा नेहमीसारखी निवांत होती, उन्हाच्या कवडशात धूळ तरंगत होती, आणि त्या हवेत कुठून कुठं काय जात होतं ते कोणाला दिसणार होतं? चमकणारा पत्रा, त्याच्यावर एवढीशी ठिणगी, आणि तिच्यावर वाकलेलं बिरजूचं डोकं.

"बिरजूऽऽ!" आवाज घरघरीत बुडाला.

लटारूनं तिला दंडाला धरून भिंतीआड ओढलं. बाहेरच्या भिंतीवर मेन स्विचची पेटी होती. त्यानं दांडा दोन्ही हातांनी खाली खेचला.

सगळं थांबलं. पंखे हळूहळू निजले.

"कोन मेला बे?" अल्ताफभाऊ, वर्कशॉपचे मालक, आतल्या केबिनमधून ओरडत आले. "मिलवाला चार वाजता गाडी लावून राह्यला, न् लटारू तू लाइन पाडतो?"

"भाऊ, डोळा गेला माहा."

दिव्यानीनं चार वाक्यांत सांगितलं, श्वास न घेता. तिनं एक तयार जाळी उचलली, खिडकीच्या उजेडासमोर धरली. "बिरजूभाऊ, एक डोळा झाका. मधात पाहा. एखादं भोक कमी दिसते का?"

बिरजूला आधी हसू आलं, मग नाही. त्यानं एक डोळा झाकला. "सगळे हायेत ताई." दुसरा झाकला. तो इतका वेळ पाहत राहिला की लटारूनं भिंत धरली.

"बोल ना रे!"

"हायेत. सगळे हायेत. भेवानं मोजत होतो."

लटारूच्या तोंडून हुंदक्यासारखं हसू सुटलं. अल्ताफभाऊंनी जाळी दिव्यानीच्या हातातून घेतली आणि पाठ फिरवून स्वतःच्या डोळ्यासमोर धरली. आधी एका, मग दुसऱ्या. "या अल्ला," ते पुटपुटले, आणि जाळी खाली ठेवली. त्यांना दिसत होतं. "मशीन बंद. मिलवाल्याले मी सांगतो. लटारू, आत्ताच नागपूरले जाऊ, मोठ्या डॉक्टरकडे. माही गाडी काढतो."

ते किल्ली आणायला गेले. बिरजू पाण्याचा ग्लास घेऊन आला, पण लटारूनं तो घेतला नाही. दिव्यानी चार पावलांवर, शटरपाशी उन्हात उभी होती.

"नजर येईन का परत?" लटारूनं विचारलं.

तिला खोटं बोलता आलं असतं. सूज उतरली तर कडेचं थोडं येईल, एवढं खरंही होतं. पण बाप तिच्याकडे असा पाहत होता, जसा पट्टी सरळ आहे का ते पाहायचा.

"मधातलं नाई येत, बाबा."

त्यानं मान हलवली. मग सावकाश उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि तिच्याकडे वळला.

"तुहे केस दिसतात," तो म्हणाला. "खांदे दिसतात. ओढणी दिसते." आणि मग, लहान पोरासारखं, "तू कुठी हायेस, माय?"

ती उन्हातून आत आली, बापाच्या अगदी जवळ, आणि त्याचा मोकळा हात उचलून आपल्या गालावर ठेवला.